पंचनामा मेस्त्री

मंचरला मेस्त्रींच्या गॅरेजात गाडी नेली की ते आधी दोन्ही हात पाठीमागे घेत. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरत, जणू स्वतःच्या हातांवरही त्यांचा भरवसा नव्हता, आणि गाडीभोवती सावकाश फिरत. मालकालाही गाडीला हात लावू देत नसत. मग दोनशेपानी वही काढून लिहीत: डावा आरसा नाही. टाकीला उजवीकडे पोचा. सीट फाटलेलं. किक जड. खाली मालकाची सही. सही येत नसेल तर ग्रीसचा अंगठा. एवढं झाल्याशिवाय पाना बाहेर निघत नसे. म्हणून आंबेगाव तालुक्यात त्यांना पंचनामा मेस्त्री म्हणत. खरं नाव फक्त त्यांच्या रेशनकार्डाला ठाऊक.

जुन्या मोटारसायकलवाल्यांचं एकच रडगाणं असतं: गाडीला दम नाही. मेस्त्रींना हे वाक्य ऐकवत नसे. "दम म्हंजी काय? दमा झालाय का गाडीला?" असं म्हणून ते उलटतपासणी सुरू करत. "गार असताना वढत न्हाई का तापल्यावर? सपाटीला का चढाला? एकटा असताना का डबलशीट? कवापासनं? त्याच्या आदल्या दिशी काय केलतं?" गिऱ्हाईक वैतागायचं. "मेस्त्री, गाडी खोला ना राव, मला कशाला खोलताय?" त्यावर उत्तर ठरलेलं: "गाडी खोटं बोलत न्हाई. म्हनून ती मागनं." तक्रार वेगळी आणि गाऱ्हाणं वेगळं, असं ते मानत. तक्रारीला जागा असते, वेळ असते. गाऱ्हाण्याला नुसता गळा असतो. मी पत्रकं लिहिणारा माणूस. हे मला तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं.

एकदा बटाट्याचे एक आडते त्यांच्याकडे आले. तीन गॅरेजं हिंडून, पिस्टन बदलून, रिंगा बदलून दमलेले. तरी गाडी ओढत नव्हती. मेस्त्रींनी त्यांना हायवेला एक चक्कर मारून यायला सांगितलं. ते आल्यावर काही न बोलता मागच्या चाकाच्या ब्रेकड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकले. चर्र झालं.

"गाडीत काय न्हाई," मेस्त्री म्हणाले. "पावणं ब्रेकावर पाय ठिवून चालवत्यात."

"तीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"चालवत असाल. पाय किती दिवस ठिवताय ते सांगा."

आडते तावातावाने निघाले आणि दाराशी थबकले. वर्षभरापूर्वी हायवेला ट्रकखाली जाता जाता ते वाचले होते. तेव्हापासून पाय आपोआप ब्रेकवर जायचा, त्यांच्याही नकळत. मेस्त्रींनी वहीत यातलं काही लिहिलं नाही. वहीत एवढंच: मागचा ब्रेक ढिला केला.

आता माझं. मी माणसांवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. आमच्या शेतकरी संघटनेने मला तेच शिकवलं आणि ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. वजनाला काटा मारतात, दुधाला फॅट मारतात, खताच्या गोणीत भलतंच भरून शिवतात, आणि आपण "चालायचंच" म्हणून घरी येतो. का म्हणून चालायचं? एकविसाव्या वर्षी मी निरगुडसरहून निघायचो तो पत्रकांचा गठ्ठा मागे बांधून. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गाडी संघटनेची, कुणीतरी वापरून टाकलेली, जुनी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी.

त्या उन्हाळ्यात ती ओढेना. सपाटीला कशीबशी, पण नारायणगावच्या अंगाला चढ लागला की दुसऱ्या गिअरात रडायची आणि मागे निळा धूर सोडायची. ट्रॅक्टरवाले मला ओलांडताना वळून हसायचे.

मला कारण शोधायची गरज वाटली नाही. ते मला आधीच माहीत होतं. रॉकेल! रेशनच्या दुकानात रॉकेल येत नाही, मग ते जातं कुठं? पेट्रोलपंपात. मी पेट्रोल घ्यायचो तो पंप मंचरच्याच एका शेठचा. सगळे म्हणायचे, तोही करत असेल. मी मात्र नुसता म्हणणारा नव्हतो, मी परीक्षा केली. कोऱ्या कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. शुद्ध असेल तर उडून जातो, रॉकेल असेल तर तेलकट डाग मागे राहतो. माझ्या टाकीतून नळीने पेट्रोल काढलं, थेंब टाकला, वाळवला. डाग राहिला. चांगला रुपयाएवढा. तो कागद पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं: "पेट्रोल घेता की रॉकेल?" त्यात एक वाक्य असं होतं की परमुलखातून आलेल्यांनी आमच्या इंजिनांची राख केली. त्या वाक्याचा मला त्या वेळी सगळ्यात जास्त अभिमान होता.

पहिला गठ्ठा मंचरच्या बाजारात हातोहात गेला. बेल्ह्याच्या बैलबाजाराला जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी टेंपोच्या काचांना पत्रकं चिकटवली. दोन दिवसांत पंपाच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने "रॉकेल शेठ" लिहिलं. दुधाचे टेंपो पुढच्या पंपाला जायला लागले. उरलेला मोठा गठ्ठा मला पुढच्या बेल्ह्याच्या बाजारात वाटायचा होता. कमी होती ती एकाच गोष्टीची: जाणकाराच्या सहीची. "या गाडीचं इंजिन भेसळीने गेलं" असं लिहून खाली मेस्त्रीची सही घेतली की शेठ संपला, असा माझा हिशेब.

पंचनामा मेस्त्रींवरही माझा विश्वास नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. त्यांचं गॅरेज शेठच्या पंपाच्या तिरकं समोर. शिवाय गॅरेजवाले चांगला पार्ट काढून जुना बसवतात, हे आमच्या दुसऱ्या एका पत्रकात मीच लिहिलं होतं. म्हणून गाडी नेण्याआधी वहिनीची नखांची लाली घेतली आणि कार्बोरेटरला, हेडला, मॅग्नेटोच्या झाकणाला कुणाला दिसणार नाहीत असे बारीक ठिपके दिले.

मेस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन गाडीला फेरी मारली आणि ते कार्बोरेटरपाशी वाकले.

"लाली कुनाची?"

मी समोरच्या पंपाकडे पाहायला लागलो.

"खूण चांगली केलीस, पुढारी. पर सायलेन्सरला का न्हाई केली? संशय घ्यायचा तर पुरा घ्यावा. आर्धा संशय लई वाईट."

त्यांनी ते वहीत लिहिलंसुद्धा: तीन पार्टांना लाल खूण, मालकाची. मग नेहमीचा प्रश्न आला, जो ते प्रत्येकाला विचारत. "शेवटचा हात कुनाचा लागला?"

"कुणाचाच नाही. गाडी कुणी उघडलेली नाही. मेस्त्री, यात शोधण्यासारखं काही नाहीये. रॉकेल आहे." मी पुरावा पुढे केला.

त्यांनी कागद उजेडाला धरला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिला. "कुनाचाच हात न्हाई," असं लिहिलं आणि मला सही करायला लावली. मी केली.

मग मी माझा कागद काढला आणि त्यांची सही मागितली. पाना हातात तसाच धरून ते खाली बसले.

"माज्याबद्दलबी येकदा सही झाली व्हती," ते म्हणाले. "मी नवा कार्बोरेटर काढून जुना बसवला म्हनून. चौकीवर पंचनामा झाला. दोन पंच. त्यातल्या येकानं गाडी बगितलीबी नव्हती, चहा पिऊन सही केली. कार्बोरेटर त्या गाडीवाल्याच्याच मेव्हन्यानं काढला व्हता, ते वर्षानं कळलं. तवर माज्या दारात कुत्रं फिरकलं न्हाई. तुजं खरं असंल तर तुज्यापेक्षा मोठी सही मी करीन. पर आदी बगू दे."

मला वाटलं, हा टाळतोय. समोरच्या शेठला घाबरतोय. मी तिथेच ठाण मांडून बसलो, डोळ्यांत तेल घालून. त्यांनी गाडी स्टँडला लावून मागचं चाक फिरवलं, मोकळं फिरलं. पेट्रोलची नळी काढून धार पाहिली. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक तारेने साफ केलं. म्हणाले, ते बुजलं तरी गाडी मरते. प्लग काढला: काळा, ओला, चकचकीत. प्लगच्या जागी अंगठा दाबून किक मारली. अंगठा फट्कन उडाला. "इंजिन जित्तं हाय," ते म्हणाले. "राख-बिख काय झाली न्हाई." म्हणजे त्यांनीही माझं पत्रक वाचलं होतं.

मग त्यांनी सायलेन्सर सोडवला आणि गाडी तशीच सुरू केली. सगळं मंचर दणाणलं. पलीकडच्या हॉटेलातले लोक बाहेर आले. आणि जी गाडी महिनाभर रडत होती ती मूठ पिळताच फुरफुरायला लागली. मेस्त्रींनी ती बंद केली आणि सायलेन्सरचं तोंड माझ्या नाकासमोर धरलं. आत डांबर. बोटभर जाडीचं काळं डांबर, मधे करंगळी जाईल एवढी वाट.

"धूर भाईर जाया जागा न्हाई, तर नवी हवा आत येनार कशी? ऑइल किती घालतोस?"

"पंपावर टाकतात तेवढंच."

"आन?"

"आन काय?"

"पुढारी, हे तेवढ्याचं न्हाई."

मी खाली पाहिलं. "वरून मी थोडं घालतो. घरी बाटली ठेवलीय."

"थोडं म्हंजी?"

"तेवढंच."

"डबल! कशापायी?"

"ते पंपावर माप कमी टाकतात."

"मापलंस?"

मी मापलं नव्हतं. ते चोर आहेत हे मला माहीत होतं, मग मापायचं कशाला? दर वेळी पेट्रोल भरून घरी आलो की मी त्यांच्या चोरीची भरपाई म्हणून आपलं ऑइल वर ओतायचो. चार महिने. शेवटचा हात माझाच होता आणि 'कुणाचाच नाही' या वाक्याखाली माझी सही होती.

मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी एक रिकामी बाटली घेतली, मला बरोबर घेतलं आणि समोर पंपावर जाऊन शेठच्या देखत नळीतून नुसतं पेट्रोल घेतलं. परत येऊन म्हणाले, "कोरं कागद काढ." माझ्याजवळ कोरा कागद नव्हता, पत्रकं होती; त्यांची मागची बाजू कोरी होती. तीन पत्रकं उताणी मांडली. एकावर नुसतं पेट्रोल. एकावर पेट्रोलमध्ये ऑइल. एकावर पेट्रोलमध्ये रॉकेल. मला रस्त्याकडे तोंड करायला लावून त्यांनी कागदांची अदलाबदल केली. उन्हात वाळायला काही फार वेळ लागला नाही. एक कागद कोरा झाला. उरलेल्या दोन्हींवर रुपयाएवढा तेलकट डाग.

"वळख," ते म्हणाले. "ऑइलचा कुठला, रॉकेलचा कुठला?"

मी वास घेतला, उजेडाला धरले, बोट फिरवलं. "नाही ओळखता येत."

"मग घरी कसा वळखलास?"

आजवर माझ्या भाषणात मला कुणी कुणी अडवलं आहे. अधिकाऱ्यांनी अडवलं, पुढाऱ्यांनी अडवलं. या प्रश्नाइतकं कुणीच नाही.

मी चाचरत म्हणालो, "म्हणजे शेठ स्वच्छ आहे म्हणायचं?"

"ते मी कुठं म्हनलो? आज, हितल्या नळीतलं, येवढं पेट्रोल चांगलं हाय. उद्याचं मला म्हाईत न्हाई. तूबी म्हाईत हाय म्हनू नगंस." हा त्यांचा स्वभाव. माणूस निर्दोष आहे असंही ते कधी म्हणत नसत. दोष सापडला नाही, एवढंच.

सायलेन्सर त्यांनी जाळात टाकून तापवला आणि खरवडायला मला बसवलं. "तुजी कमाई हाय, तूच काढ." दुपारभर लोखंडी सळीने मी ते डांबर काढत होतो. तेवढ्यात शेठ रस्ता ओलांडून आले. पांढरा शर्ट, कपाळाला घाम. मला वाटलं, आता आवाज चढेल. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दादा, आमचे आजोबा मारवाडातून आले. माझा जन्म हितला, माझ्या बापाचाही हितलाच. तुमचं पत्रक वाचलं तेव्हा कळलं, आम्ही अजून मंचरला आलोच नाही." माझे हात काळे होते. मी ते पुसले नाहीत.

संघटनेच्या वडीलधाऱ्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं की पत्रक मागे घ्यायचं आहे. ते म्हणाले, "पत्रक मागं घ्यायचं नसतं. लोक पुढच्या पत्रकावर विश्वास ठेवणार नाहीत. गठ्ठा जाळून टाक आणि गप बस." गठ्ठा मी जाळला असता. पण गेलेल्या गठ्ठ्याचं काय? तो टेंपोच्या काचांवर बसून अजून फिरत होता.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी मी मंचरला गाडी थांबवली तर मेस्त्री गॅरेजचं दार ओढून रस्त्यावर उभे. खाकी शर्टाच्या खिशात घडी घातलेले तीन कागद. न विचारता मागे बसले. गाडी सुरेख ओढत होती.

बाजारात बैलांच्या रांगा संपतात तिथे मी एका रिकाम्या टेंपोवर चढलो आणि माझ्या पत्रकात खोटं छापलं आहे, असं ओरडून सांगितलं. मला वाटलं होतं, लोक गंभीर होतील. चूक कबूल करणारा म्हणून कौतुक होईल, असंही आत कुठेतरी वाटलं असेल. एक व्यापारी म्हातारा ओरडला, "शेटजीकडं जेवून आलास वाटतं!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "काय वाढलं रं? बुंदी का श्रीखंड?" मी चिडलो, आवाज वाढवला, हशाही वाढला. आणि का नाही वाढणार? विकला गेल्याशिवाय कुणी तोंड फिरवत नाही, हे मीच यांना दोन वर्षं सांगत होतो.

मग मेस्त्री पुढे झाले. त्यांनी तिन्ही कागद हवेत धरले आणि हळू आवाजात, एकेक करून, काय केलं ते सांगायला लागले. जवळच्या पाच-दहा जणांनी ऐकलं. एवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मेस्त्री, तुमचं गॅरेज त्या पंपाच्या म्होरंच हाय न्हवं?"

"हाय," मेस्त्री म्हणाले.

"बास, कळलं."

तेवढंच. त्यापुढे त्यांचं कुणी ऐकलं नाही. येताना मी त्यांची क्षमा मागायला लागलो तर म्हणाले, "म्होरं बग. खड्डा हाय."

शेठच्या भिंतीवरचा कोळसा पुढच्या पावसाने गेला, दुधाचे टेंपो दिवाळीपर्यंत परत आले. मेस्त्रींचं मात्र तसं झालं नाही. त्यांना आता पंचनामा कुणी म्हणेना. शेठचा मेस्त्री म्हणायला लागले. बेल्ह्याकडची गिऱ्हाइकं तुटली. ज्या माणसाने खोट्या सहीचा मार एकदा खाल्ला होता, त्याच्या दारात मी तोच मार पुन्हा आणून ठेवला, तोही खरं बोलायला नेऊन. मी गावोगाव सांगत फिरलो. जितकं सांगितलं तितकं पक्कं झालं. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी गेलो की पाठीमागे हात घेऊन गाडीभोवती फिरत, वही काढत, आणि विचारत, "ऑइलची बाटली फोडली का?"

पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, कंपन्यांची काचेची सर्व्हिस सेंटरं आली. कानाने आणि अंगठ्याने गाडी बघणाऱ्याची गरज राहिली नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी मेस्त्रींनी गॅरेज सोडलं आणि मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं. सामान भरायला मी गेलो होतो. शेठही आले होते. त्यांनी डबा आणला होता आणि तो टेंपोत कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. पाने, सळ्या, वह्यांची पेटी चढवून झाली. दोर आवळता आवळता मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"मेस्त्री, त्या दिवशी बेल्ह्याला मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. काय होणार हे तुम्हाला कळत होतं. मग का आलात?"

ते दोराची गाठ तपासत होते. माझी गाठ त्यांना पसंत नव्हती. ती सोडून त्यांनी दुसरी मारली.

"तुज्यासाठी न्हाई आलो," ते म्हणाले. "सायलेन्सर साफ केला व्हता. पर डबलशीट चढाला वढती का न्हाई, ते बगायचं ऱ्हायलं व्हतं."

हे खोटं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी मलाच मागे बसवून त्यांनी ती गाडी चढावर दोनदा नेऊन आणली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते आठवतं आहे, हे त्यांना कळलं. शेठ डबा धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी खोटं माझ्या तावडीत सापडलं होतं आणि मी ते उघडं पाडलं नाही. मी म्हणालो, "मग? ओढली का?"

"वढली की," मेस्त्री म्हणाले, आणि टेंपोत चढले.